शिंग्रोबापुढं बंद झालेली ऑटोमॅटिक

ऑटोमॅटिक गाडी म्हणजे आळशी माणसाची गाडी, असं माझ्यासमोर कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा जावईच म्हणाले. जावई म्हणून मी तोंडानं गप्प बसले, पण उलथनं तव्यावर असं आपटलं की पोरगी म्हणाली, आई, झालं काय? म्हटलं, बस इथं, सांगते. तुमी पण बसा.

आमचं घर साजगावात. तिथनं बोरघाट दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त. खोपोली सोडून ट्रक चढाला लागला की इंजन रडायला लागतं, मग डायवर गिअर उतरवतो, इंजन जरा गप्प होतं आणि पुन्हा जोर धरतं. लग्न होऊन आले तेव्हा मला तो नुसता गोंगाट वाटायचा. आमचे हे सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून सांगायचे, "हा नागू चढतोय. दुसरा गिअर टाकायला नेहमी उशीर करतो." दुसऱ्या दिवशी ह्यांचे दोस्त नागूभावजी चहाला आले की मी विचारायची, काल संध्याकाळी चढलात का? तं ते चढलेले असायचे.

ह्यांचं नाव मी घेत नाय. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेते ती फक्त उखाण्यात, ते पण बायकांनी दार अडवून धरल्यावर. तं 'हे' म्हटलं की तुमी समजून घ्यायचं. दुसऱ्यानं घेतलेलं नाव सांगितलं तं ते माझ्याकडं मोजायचं नाय.

खोपोलीच्या कारखान्यातला कागद घेऊन हे घाट चढायचे. दुसऱ्यांच्या गाड्या वळणावर वाफ सोडत उभ्या, आणि ह्यांची गाडी भरल्या ओझ्यानं डुलत वर. मालकाला म्हणायचे, गाडी मारून चालत नाय, तिचं ऐकावं लागतं. घरात माझं ऐकलं नाय कधी, पण गाडीचं ऐकायचे, ते मला मान्य करावं लागेल.

एका पावसाळ्यात चढावरच्या एका वळणावर ट्रक तापला. हे खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावत होते. वरनं दुसरा एक ट्रक न्यूट्रलमध्ये येत होता. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारायची काही लोकांना घाणेरडी खोड असते. गाडी नुसती घरंगळत येते, इंजन तिला धरून ठेवत नाय, आणि ब्रेक तापले की संपला कारभार. तो ट्रक ह्यांच्या ट्रकावर आदळला आणि ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

जीव वाचला, देवाची कृपा, असं सगळे म्हणाले. मी पण म्हटलं. पण क्लच डाव्या पायानं दाबतात, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ह्यांना दवाखान्यातच कळलं होतं.

घरी आल्यावर हे ओट्यावरच बसायचे, घाट ऐकायचे, पण आता नावं सांगायचे नाय. कुणी इंजन रडवत चढला की ह्यांची डावी मांडी आपोआप खाली दाबली जायची. ते बघितलं की मी आत जाऊन चुलीत उगाच लाकूड सारायची. जेवण निम्म्यावर आलं. लायसन ट्रंकेत गेलं. एकदा मी म्हटलं, भाताच्या गिरणीवर माणूस पाहिजे हाय, बसून करायचं काम हाय, जाता का? तं म्हणाले, "मी डायवर हाय. डायवर नसलो तं कोण हाय, ते तू सांग." मी ताट उचललं.

अशी काही वर्षं गेली. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या थंडीत नागूभावजी एका शेठला घेऊन दारात आले. एदलशेठ, मुंबईचे पारशी, खंडाळ्याला बंगला. आणि त्यांची गाडी! फिकट हिरवी, आमच्या गोठ्यापेक्षा लांब, स्टेरिंग डाव्या बाजूला. अमेरिकेतली, माझ्या लग्नाच्याही आधीची. इंजन चालूच होतं आणि आवाज इतका हळू की म्हशीनं मान पण वर केली नाय.

शेठ आले होते सल्ला विचारायला. जुन्या गाड्यांची शर्यत होती, मुंबईहून साताऱ्याला आणि परत. वेगाची नाय, दमाची. मध्ये चौक्या ठेवलेल्या, प्रत्येक चौकीवर ठरल्या वेळेत पोचायचं, उशीर झाला की बाद. शेठ म्हणाले, "सपाटीवर मी कितीही चालवीन. घाटात मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? खोपोलीत विचारलं तर सगळे म्हणाले, घाटाचं हिरामणला विचारा."

तेवढ्यात त्यांना कुबडी दिसली. नागूभावजींनी पायाचं काही सांगितलंच नव्हतं, मुद्दामच. शेठनी कुबडीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि ते हसले. मला असा राग आला म्हणता.

"हिरामण," शेठ म्हणाले, "हिला क्लच नाही. दोनच पेडल. एक ब्रेक, एक रेस. गिअर ही स्वतः बदलते. घाट तुम्हीच चालवा."

ह्यांनी गाडीकडं नजर पण टाकली नाय. "हातानं गिअर नि पायानं क्लच, ती डायवरकी. ही तं खुर्ची हाय चाकं लावलेली."

शेठ चिडले नाय. म्हणाले, ऑटोमॅटिक लांबच्या शर्यतीत टिकत नाही असंच सगळे म्हणायचे. पण परदेशात डोंगर आणि वाळवंट ओलांडत दिवसचे दिवस पळायच्या शर्यती झाल्या, त्यात अशा गाड्या पळाल्या आणि पुढं आल्या. माणूस दमतो, त्याचा पाय चुकतो, गिअर चुकीचा पडतो. हिची गिअरपेटी दमत नाही. शेठ सांगत होते आणि हे जमिनीवर कुबडीनं रेघा ओढत होते.

माझं टाळकं सटकलं. इतकी वर्षं ओट्यावर बसून मांडी दाबणारा माणूस, आणि दारात गाडी चालून आली तं हा रुसवा. मी हात पदराला पुसले आणि म्हटलं, "खुर्चीच हाय ना? मग मी बसते."

आणि बसले. जन्मात बैलगाडी हाकली होती तेवढीच. स्टेरिंगपाशी एक दांडी होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरं. मी ती ओढली. मी कशालाही पाय लावला नव्हता, देवाशपथ, पण गाडी आपली हळूच पुढं निघाली. न विचारता, न हिसका देता, थेट पेंढ्याच्या उडवीकडं. मी पाय वर घेऊन मांडी घालून बसले. नागूभावजी ओरडायचं सोडून हसायला लागले, आणि म्हस तेवढी दावं तोडून पळाली.

"ब्रेक दाब गं! रुंद हाय तो!" हे ओरडले. मला कुठलं काय सुचणार. एवढ्यात हे कुबडीवर उड्या मारत आले, दार उघडलं, अर्धे आत पडले आणि हातानं ब्रेक दाबला. गाडी उडवीपासून हातभरावर थांबली. माझ्याकडं असं बघितलं की वाटलं आता कानाखाली बसते.

"सरक," म्हणाले.

मी सरकले. ह्यांनी कुबडी मागं टाकली, उजवा पाय ब्रेकवर ठेवला, आणि ती लांबडी गाडी कापलेल्या भातशेतात घालून एक गोल चक्कर मारली. मग आणखी एक. ह्यांची मान सरळ झाली होती, ती मी दवाखान्यातनं आणल्यापासून बघितली नव्हती. मी खिडकीतनं बाहेर तोंड करून रडून घेतलं.

मग घाटातला सराव सुरू झाला. पहिले काही दिवस ह्यांच्या आणि गाडीच्या भांडणातच गेले. चढ आला की ह्यांची डावी मांडी क्लच शोधायची आणि हात दांडीकडं जायचा. मध्येच गिअर ओढायचे, रेस सोडायचे, आणि गाडी बिचारी गोंधळून गचके द्यायची. शेठ शेजारी बसून म्हणायचे, "तिला करू द्या." हे म्हणायचे, "तिला घाट काय म्हाईत?"

एका संध्याकाळी हे घरी आले आणि हात न धुताच चुलीपाशी बसले. म्हणाले, "आज हात मांडीवर ठेवला नि नुसतं ऐकलं. मला वाटलं, आता इंजन रडेल, आता दुसरा पाहिजे, आणि त्याच जाग्यावर तिनं टाकला. त्याच जाग्यावर गं. आणि मधला तो गप्प व्हायचा क्षण पण नाय. ओझं कुठंच सुटत नाय."

"मग आता खुर्ची का गाडी?" मी विचारलं.

"ती ऐकते, सुंदरा. माझ्यासारखं ऐकते." मग पिठानं माखलेल्या परातीत बोटानं मला आकृती काढून दाखवली. आत म्हणे सगळा दाबाच्या तेलाचा खेळ. चाकं किती पळतात आणि इंजनावर किती ओझं पडतंय, ते त्या तेलाला कळतं, आणि तेलच गिअर बदलतं. उतरताना दांडी हळू चालीच्या अक्षरावर ठेवली की इंजन गाडीला मागनं धरून ठेवतं, ब्रेकला काही कामच नाय. "ज्यानं ही पेटी बनवली ना, त्यानं कुठंतरी घाट चढलेला असणार," म्हणाले. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पीठ वाया गेलं त्याचं मी काही बोलले नाय.

शर्यतीच्या दिवशी मुंबईहून खोपोलीपर्यंत शेठ चालवणार आणि खोपोलीला हे बसणार, असं ठरलं. मी नारळ घेऊन नागूभावजींच्या ट्रकातनं आधीच शिंग्रोबाला जाऊन बसले. शिंग्रोबा म्हणजे घाटातला आमचा देव. गोऱ्या साहेबांना ह्या डोंगरातली वाट त्या धनगरानं दाखवली आणि त्याचा जीव त्यांनीच घेतला, असं सांगतात. म्हणून चढणारी गाडी त्याच्यापुढं थांबते. जुने डायवर नुसते थांबत नाय, इंजन बंद करतात, चाकाला दगड लावतात, हात जोडतात, मग निघतात. ह्यांनी ही रीत कधी मोडली नाय. त्या पावसाळ्यात देवळापर्यंत पोचताच आलं नव्हतं, एवढंच.

ऊन चढलं तशा गाड्या यायला लागल्या. छोट्या, मोठ्या, काही वाफ सोडत, काही दोराला बांधलेल्या. आणि मग ती हिरवी आली. एवढा चढ, पण आवाज असा एकसारखा, जसं जातं फिरतंय. देवळापाशी थांबलेले डायवर उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "हिरामण हाय रं आत." मला वाटलं, आता हा क्षण कुणी बरणीत भरून दिला तं बरं.

गाडी शिंग्रोबापुढं थांबली. शेठ आतनं सांगत होते, "आज नको, आज इंजन बंद नको करू." पण ह्यांनी किल्ली फिरवलीच. "शेठ, त्याच्यापुढं इंजन चालू ठेवून मी कधी गेलो नाय." नागूभावजींनी चाकाला दगड लावला. ह्यांनी हात जोडले आणि पुन्हा किल्ली फिरवली.

टक्. एवढाच आवाज.

सरावाच्या वेळी सकाळच्या गारव्यात गाडी लगेच चालू व्हायची. आज मुंबईपासून पळून आलेली, वर ऊन, सेल्फ तापून अडकला होता. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्. हँडल मारायला पुढं भोक पण नाय. मग आमच्या घाटातला नेहमीचा इलाज: सगळे डायवर खाली उतरले, गाडीचं तोंड उताराला फिरवलं आणि धक्का मारला. ह्यांनी दांडी ओढली. काही नाय. चाकं आपली मोकळी फिरतात, आत काही धरतच नाय. ह्यांनी ब्रेक मारला. ह्यांचा चेहरा उतरला होता.

शेठ गाडीतनं खाली उतरले आणि घाम पुसत म्हणाले, "ह्या गाडीला माणसांचा धक्का पुरत नाही. चाकं जोरात फिरली तरच आत तेलाचा दाब होतो, आणि दाब झाला तरच गिअर धरतो. त्यासाठी खूप वेग पाहिजे." मग खाली बघून म्हणाले, "उतार आहे. पण तो वेग येईपर्यंत न्यूट्रलमध्ये सोडावी लागेल."

तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, ह्यांचा पाय कशानं गेला. आणि उतारावरचं पहिलं मोठं वळण तेच होतं, जिथं तो गेला.

"राहू दे, हिरामण," शेठ म्हणाले. "शर्यत दर वर्षी होते."

ह्यांचे हात अजून स्टेरिंगवरच होते. मला दिसत होतं, आज हा माणूस कुबडी घेऊन उतरला तं परत ओट्यावरच जाणार, आणि मग मी सांगून पण उठायचा नाय. मी मागचं दार उघडलं आणि नारळ घेऊन बसले.

"काय करतेस?" मागं न बघता म्हणाले.

"खुर्चीच हाय ना," मी म्हटलं. "बसले."

ह्यांनी खिडकीतनं हाक मारली, "नागू, खाली जा. वळणाच्या खाली सगळ्यांना थांबव." नागूभावजी ट्रक घेऊन गेले, उतारावर गिअरमध्ये, शहाण्यासारखे. खालनं त्यांचा हॉर्न वाजला. ह्यांनी दांडी न्यूट्रलवर ठेवली आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

तो उतार मी विसरणार नाय. इंजनाचा आवाज नाय, नुसता वारा आणि टायर. गाडी जड, स्टेरिंग जड, ह्यांचे दंड फुगलेले. झाडं पळायला लागली. वळण समोर आलं आणि मी नारळ पोटाशी घट्ट धरला. हे तोंडातल्या तोंडात न्यूट्रल मारणाऱ्यांना शिव्या घालत होते, त्याच शिव्या ज्या मी इतकी वर्षं ऐकत आले, फक्त आज त्या स्वतःलाच होत्या. वळणावर गाडी बाहेरच्या कठड्याकडं ओढली गेली, हे आत ओढत राहिले, आणि वळण मागं गेलं.

"आता," हे स्वतःशीच म्हणाले आणि दांडी ओढली.

मागनं कुणीतरी पदर धरून ओढावं तसा हिसका बसला. गाडी खोकली, पुन्हा खोकली, आणि इंजन बोललं. त्या क्षणी गाडीचा वेग पण आवरला, कारण आता गाडीला धरणारं कुणीतरी होतं. ह्यांनी डॅशबोर्डावर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि तसाच ठेवला.

खाली रुंद जागेत नागूभावजी लाल पंचा हलवत नाचत होते. तिथनं गाडी फिरवली आणि वर निघालो. मी मागं बसून पहिल्यांदाच ऐकलं, ह्यांनी परातीत काढून दाखवलेलं सगळं. चढ वाढला की आतली पेटी आपणहून ओझं अंगावर घ्यायची, कुठं धक्का नाय, कुठं कुरकुर नाय, आणि ह्यांचे दोन्ही हात स्टेरिंगवर मोकळे. वळणं ह्यांची आणि गिअर तिचे. एवढी छान जोडी आमची पण नव्हती.

शिंग्रोबापाशी ह्यांनी वेग कमी केला पण गाडी थांबवली नाय. "चढा, शेठ," म्हणाले. शेठ पळत पळत पुढच्या उजव्या दारातनं आत आले, चप्पल एक बाहेरच राहिली. मी खिडकीतनं हात जोडले आणि म्हटलं, बाबा, नारळ उद्या फोडते, आज समजून घे.

खंडाळ्याच्या चौकीवर टेबल मांडलं होतं आणि मागं फळा, त्यावर खडूनं आलेल्या गाड्यांची नावं आणि पुढं डायवरांची. आमी वेळ संपायला आली तेव्हा पोचलो. टोपीवाले एक साहेब धावत उजव्या खिडकीशी आले. आपल्याकडं डायवर उजवीकडंच असतो ना. त्यांनी आत हात घालून शेठचा हात हलवला. "शाब्बास, एदलजी! काय चालवलीत घाटात! आम्ही वरनं बघत होतो." आणि मागं वळून फळ्यावरच्या माणसाला ओरडले, "ड्रायव्हर, एदलजी."

ह्यांनी मान खाली घातली. हे असेच. दुसऱ्याचं ओझं वाहून वर आणायचं आणि पावतीवर मालकाचं नाव, ह्याची ह्यांना सवयच होती. शेठ तोंड उघडून सांगणार होते, नाय म्हणत नाय मी. पण त्यांच्याआधी माझं उघडलं.

मी गाडीतनं उतरले, नारळ काखेत, पदर डोक्यावर, आणि फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. "शेठचं नाव पुसा," मी म्हटलं. "लिहा, हिरामण चांगो ठोंबरे. साजगावचा डायवर."

साहेब बघतच राहिले. "आपण कोण, बाई?"

"मी त्यांची बायको."

शेठ गाडीत हसत मान हलवत होते. फळ्यावरच्या माणसानं पुसलं आणि लिहिलं. मला वाचता येत नाय, तं मी त्याला दोनदा वाचायला लावलं.

परत येऊन बसले तं ह्यांचे कान लाल झालेले. आरशातनं माझ्याकडं बघत होते. "नाव घेतलंस गं. चारचौघांत."

"तुमीच म्हणाला होता ना," मी म्हटलं, "कोण हाय ते तू सांग. सांगितलं."

ह्यांनी डोळे पुसले, बाहीनं, आणि शेठकडं बघितलं. शेठ म्हणाले, "पुढं तुम्हीच." ह्यांनी दांडी ओढली, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि रेसला पाय लावायच्या आधीच गाडी आपली हळूच साताऱ्याच्या वाटेला निघाली.